‘अशक्य’ म्हणजे नक्की काय?

सांगोल्याच्या एका शाळेत विज्ञान आणि गणित शिक्षकांचे दोन दिवसांचे शिबिर होते. पहिल्या दिवशी सकाळी आम्ही प्रत्येकाला एक कोरा कागद दिला आणि सांगितले, “अशक्य असलेल्या तीन गोष्टी लिहा.” कागद गोळा करून फळ्यावर यादी केली. प्रकाशापेक्षा जास्त वेगाने जाणे, शून्याने भागणे, मेलेला माणूस जिवंत करणे, पट्टी-कंपासने कोनाचे तीन सारखे भाग करणे, माणदेशातला ओढा बाराही महिने वाहणे, आणि शेवटी ‘नववी ब च्या वर्गाला बीजगणित शिकवणे’. सगळे मनमोकळे हसले. आम्हीही हसता हसता म्हणून गेलो, “अशक्य म्हणताना जपून. सव्वाशे वर्षांपूर्वी विमान उडणे अशक्य म्हणणारे मोठमोठे शास्त्रज्ञ होते.”

मधल्या सुट्टीत एक शिक्षक चार पानांचे माहितीपत्रक घेऊन आले. “सर, आमच्या थोरल्या भावाला एकानं हे दिलंय. डाळिंबाची बाग आहे, बोअरचं पाणी खाली गेलंय, विजेचं बिल परवडत नाही. हा पंप एकदा सुरू केला की वीज लागत नाही म्हणतात. वीस हजार इसार मागतोय. द्यावा का?”

आकृती सोपी होती. पंप पाणी वरच्या टाकीत चढवतो. टाकीतले थोडे पाणी खाली पडताना एक चक्र फिरवते. चक्रावरचे जनित्र वीज तयार करते आणि त्या विजेवर पंप चालतो. उरलेले पाणी बागेला. आम्ही लगेच म्हणालो, “हे चालणार नाही. अशक्य आहे.”

ते शांतपणे म्हणाले, “पण सर, विमानाचं सकाळी तुम्हीच सांगितलंत. मग उद्या हे पण होईल की.”

प्रश्न अगदी योग्य होता, आणि आमच्या सकाळच्या वाक्यातूनच निघाला होता. त्या वेळी आम्ही घाईने एक हिशेब मांडून दाखवला. पण खरे उत्तर थोडे लांबचे आहे आणि त्यासाठी इतिहासात शिरावे लागते. ते येथे देत आहोत.

एका ग्रंथातल्या दोन गोष्टी

जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण नावाचे गाव आहे. तेथील देवीच्या मंदिरात इ. स. १२०७ च्या दानाचा एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांच्या नजरेस आणला. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केल्याचे त्यात नोंदले आहे. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग.

आपल्या प्रश्नासाठी यातल्या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत.

पहिली बीजगणितातली. भास्कराचार्य सांगतात, धन संख्येचा वर्ग धन येतो आणि ऋण संख्येचाही वर्ग धनच येतो. त्यामुळे ऋण संख्या ही कोणाचाच वर्ग नसते, आणि म्हणून तिला वर्गमूळ नाही. हे ‘अशक्य’चे विधान आहे, तेही कारणासहित.

दुसरी गोलाध्यायातल्या यंत्रांच्या वर्णनातली. हलक्या लाकडाचे एक चाक घ्यावे. त्याला सारख्या अंतरावर, सारख्या मापाचे, किंचित वळवलेले पोकळ आरे बसवावेत. त्यांत अर्ध्यापर्यंत पारा भरून तोंडे बंद करावीत. आसाची दोन्ही टोके आधारांवर ठेवली की चाक आपोआप फिरत राहते. अशा यंत्रांना ‘स्वयंवह’ म्हणत. भास्कराचार्यांच्या पाचशे वर्षे आधी, ६२८ मध्ये, ब्रह्मगुप्तानेही असेच पाऱ्याचे चाक वर्णिले होते.

आज आपण काय पाहतो? ज्या वर्गमूळाला ‘नाही’ म्हटले होते, त्याच्यावाचून आज विद्युत अभियांत्रिकीचे पान हलत नाही. आणि जे चाक ‘फिरते’ म्हटले होते, ते कधीच फिरत राहिले नाही. एवढा मोठा गणिती दोन्हीकडे चुकला, असे म्हणून मोकळे होण्याचा मोह होतो. पण नीट पाहिले तर पहिल्या ठिकाणी ते चुकलेलेच नाहीत.

‘नाही’ म्हटलेले वर्गमूळ

१५४५ मध्ये इटलीत कार्डानोने त्रिघात समीकरणे सोडवण्याची रीत प्रसिद्ध केली. तिच्यात एक विचित्र अडचण होती. एक उदाहरण घेऊ. एका संख्येचा घन हा तिच्या पंधरा पटीत चार मिळवले तर येणाऱ्या संख्येएवढा आहे. ती संख्या कोणती? उत्तर ४ आहे, कारण ६४ = ६० + ४. पण कार्डानोच्या रीतीने गेले तर वाटेत उणे १२१ चे वर्गमूळ आडवे येते. उत्तर समोर दिसते आहे आणि तिथे जाणारा रस्ता मात्र ‘नसलेल्या’ संख्येतून जातो.

१५७२ मध्ये बोंबेलीने धीर करून त्या संख्येला संख्येसारखे वागवले. उणे एकच्या वर्गमूळाचा वर्ग उणे एक, एवढा एकच नियम धरून त्याने नेहमीची बेरीज-गुणाकार केले. २ अधिक उणे एकचे वर्गमूळ, याचा घन केला तर २ अधिक उणे १२१ चे वर्गमूळ येते. (दहावीच्या विद्यार्थ्यांनी हा गुणाकार जरूर करून पाहावा.) दुसऱ्या पदाचेही तसेच, फक्त अधिकच्या जागी उणे. दोन्ही मिळवली की नसलेली मुळे एकमेकांना खाऊन टाकतात आणि ४ हातात राहतात.

त्यानंतर दोनशे वर्षांहून अधिक काळ लोक या संख्या वापरत होते आणि त्यांच्याकडे संशयानेही पाहत होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस वेसेलने आणि १८०६ मध्ये आरगाँने त्या सपाट पृष्ठावरच्या बिंदूंनी दाखवल्या. उणे एकने गुणणे म्हणजे अर्धा फेरा फिरणे असेल, तर त्याच्या वर्गमूळाने गुणणे म्हणजे पाव फेरा फिरणे. मग गूढ काहीच उरले नाही. १८९३ मध्ये स्टाइनमेट्झने प्रत्यावर्ती विद्युतप्रवाहाची गणिते या संख्यांनी सोपी करून दाखवली. सांगोल्यातल्या विहिरीवरची थ्री-फेज मोटार ज्या गणिताने आखली जाते, त्यात हे ‘नसलेले’ वर्गमूळ पानोपानी असते.

मग भास्कराचार्यांचे विधान खोटे ठरले का? नाही. धन, ऋण आणि शून्य एवढ्याच संख्या मानल्या, तर ऋण संख्येला वर्गमूळ आजही नाही. त्यांनी दिलेले कारण आजही वर्गात जसेच्या तसे सांगता येते. पुढच्या लोकांनी ती भिंत फोडली नाही, त्यांनी घर वाढवले.

कोनाच्या तीन भागांचेही असेच. खुणा नसलेली पट्टी आणि कंपास एवढ्यांनीच ६० अंशांच्या कोनाचे तीन सारखे भाग करता येत नाहीत, हे १८३७ मध्ये वांत्झेलने सिद्ध केले. पट्टीवर दोन खुणा करायची परवानगी द्या, की तेच काम होते. आर्किमिडीजच्या नावावर तशी रीत आहे. कोनमापक घेतला तर सातवीतला मुलगाही २० अंश मोजून देईल. म्हणजे गणितात ‘अशक्य’ हे वाक्य एकट्याने कधी उभे राहत नाही. ‘या नियमांत राहून’ हे शब्द त्याच्या आधी असतातच, कधी लिहिलेले, कधी गृहीत धरलेले. ते शब्द ठेवले तर विधान कायमचे खरे असते. उद्याचा कितीही हुशार माणूस ते बदलू शकत नाही.

न फिरणारे चाक

आता पाऱ्याच्या चाकाकडे वळू. ते का फिरत राहत नाही? पाऱ्याच्या एका थेंबावर लक्ष ठेवा. चाकाच्या एका फेऱ्यात तो खाली येतो आणि पुन्हा पहिल्याच उंचीवर जातो. खाली येताना त्याने चाकाला जे दिले, ते वर जाताना पुरतेपूर वसूल होते. आरे सरळ असोत, वाकडे असोत, पारा असो की पाणी, हिशेब शून्यावरच येतो. शिवाय आसाचे घर्षण आणि आतल्या पाऱ्याची घुसळण यांचा खर्च वेगळा. तेव्हा चाक थांबणारच.

हा हिशेब बाराव्या शतकात कोणाजवळच नव्हता. युरोपात तेराव्या शतकात विलार द ओनकूरने असेच चाक काढून ठेवले आहे. पुढे कितीतरी कारागिरांनी हातोडे, गोळे, साखळ्या लावून ते करून पाहिले. प्रत्येक चाक थांबले. आणि मग एका माणसाने या अपयशाचाच उपयोग करून घेतला.

१५८६ मध्ये सिमोन स्टेविनने एक त्रिकोणी ठोकळा कल्पिला. त्याचा एक उतार लांब, दुसरा त्याच्या निम्मा. त्यावर चौदा सारख्या गोळ्यांची बंद माळ टाकली. चार गोळ्या लांब उतारावर, दोन आखूड उतारावर आणि आठ खाली लोंबत. माळ घसरू लागली तर प्रत्येक गोळीच्या जागी पुढची गोळी येईल, स्थिती तीच राहील आणि माळ कायम फिरत राहील. तसे होत नाही, म्हणून माळ स्थिर असली पाहिजे. लोंबणारा भाग दोन्हीकडे सारखाच ओढतो, तो काढून टाका. उरले काय? लांब उतारावरच्या चार गोळ्या आखूड उतारावरच्या दोन गोळ्यांना तोलून धरतात. उतरणीचा नियम एकही वजन न मोजता मिळाला! १८२४ मध्ये कार्नोने वाफेच्या इंजिनाची कमाल मर्यादा काढली, तीही ‘फुकटची गती मिळत नाही’ हेच धरून. ‘अशक्य’ हा शब्द येथे वाट अडवत नाही, वाट दाखवतो.

१७७५ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीने ठरवले, की घनाची दुप्पट करणे, कोनाचे तीन भाग करणे, वर्तुळाएवढ्या क्षेत्रफळाचा चौरस काढणे आणि सतत चालणारी यंत्रे, यांबद्दलचे दावे यापुढे तपासायचे नाहीत. यंत्रांबद्दल अकादमीने जे कारण दिले ते आज सांगोल्यातही लागू आहे. या नादात कुटुंबे धुळीला मिळतात आणि चांगल्या कारागिरांचा पैसा, वेळ व बुद्धी वाया जाते, असा त्याचा आशय होता.

पण लक्षात घ्या, त्या वर्षी यातल्या एकाही गोष्टीची अशक्यता सिद्ध झालेली नव्हती. घनाचा आणि कोनाचा प्रश्न १८३७ मध्ये निकालात निघाला, वर्तुळाचा १८८२ मध्ये लिंडेमानने निकालात काढला. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम १८४० च्या दशकात मायर, ज्यूल आणि हेल्महोल्ट्झ यांच्या कामातून उभा राहिला. अकादमीचा ठराव अनुभवावर आधारलेला अंदाज होता. तो बरोबर ठरला. असे अंदाज नेहमीच बरोबर ठरतात असे मात्र नाही.

जमखंडीची खग्रास स्थिती

१८३५ मध्ये फ्रेंच तत्त्वज्ञ ऑग्युस्त कोंत याने लिहिले, की ताऱ्यांचे आकार, अंतरे आणि गती आपल्याला कळू शकतील, पण ते कोणत्या द्रव्यांचे बनले आहेत हे कधीच कळणार नाही. त्याचा युक्तिवाद साधा होता. तिथे कोणी जाऊ शकत नाही, तिथला तुकडा कोणी आणू शकत नाही, मग कळणार कसे?

१८५९-६० मध्ये जर्मनीत किर्खहोफ आणि बुन्सेन यांनी दाखवून दिले, की प्रत्येक मूलद्रव्य तापल्यावर वर्णपटात आपापल्या ठरावीक रेषा देते. म्हणजे तुकडा आणायला नको, प्रकाश आपणहून येतोच आहे. आणि १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा दख्खनवरून गेला. सांगोल्याच्या जवळजवळ सरळ दक्षिणेला, शंभरेक किलोमीटरवर जमखंडी आहे. तेव्हा ते पटवर्धनांचे संस्थान होते. तेथे लेफ्टनंट जॉन हर्शेल (विल्यम हर्शेल यांचा नातू) वर्णपटदर्शक घेऊन बसला होता. ढगांनी सतावले, तरी खग्रास स्थितीच्या त्या थोड्या मिनिटांत त्याला सूर्याच्या कडेवरच्या तांबड्या ज्वालेचा वर्णपट दिसला. त्यात तेजस्वी सुट्या रेषा होत्या. याचा अर्थ, ती ज्वाला तापलेल्या वायूची होती. त्याच दिवशी गुंटूरला जान्सेननेही हेच पाहिले. या ज्वालांमधली एक पिवळी रेषा पृथ्वीवरच्या ज्ञात मूलद्रव्यांशी जुळेना, आणि तिच्यावरून पुढे हेलियमचे नाव पडले. हेलियम पृथ्वीवर सापडला तो १८९५ मध्ये.

कोंतच्या विधानानंतर अवघ्या तेहतीस वर्षांत, आपल्या शेजारच्या गावातून, सूर्याच्या द्रव्याची तपासणी झाली. येथे ‘अशक्य’ शब्द साफ हरला.

एक प्रश्न

आता शिक्षकमित्राच्या प्रश्नाकडे येऊ. कोंत हरला, तसेच त्या पंपाला अशक्य म्हणणारे आपण उद्या हरणार नाही कशावरून?

आमच्या मते, ‘अशक्य’ शब्द ऐकला की एक प्रश्न विचारावा: हे शक्य झाले, तर आणखी काय काय खोटे ठरेल?

ताऱ्यांचे द्रव्य ओळखता आले तर काय खोटे ठरले? काहीही नाही. फक्त ‘आम्हाला रीत सुचत नाही’ एवढेच खोटे ठरले. विमानाचेही तसेच. हवेपेक्षा जड असूनही उडणारी घार रोज डोक्यावर फिरतच होती. निसर्गाचा कोणताही नियम आड येत नव्हता, अडचण होती ती हलक्या आणि ताकदवान इंजिनाची.

टेंभू योजनेचे उदाहरण घ्या. कऱ्हाडजवळ टेंभूला कृष्णेचे पाणी उचलून टप्प्याटप्प्याने दुष्काळी तालुक्यांकडे आणायचे, त्यात सांगोलाही आहे. ‘कृष्णेचं पाणी डोंगर चढून माणदेशात येणं अशक्य’ असे म्हणणारी माणसे गावोगाव होती. ते अशक्य नव्हते, महाग होते. किती महाग, हे भौतिकशास्त्र सांगते. हजार लिटर पाणी म्हणजे हजार किलो. ते १०० मीटर उंच न्यायचे तर १००० × ९.८ × १०० = ९,८०,००० ज्यूल ऊर्जा लागते. विजेचे एक युनिट ३६,००,००० ज्यूलचे, म्हणून कमीत कमी ०.२७ युनिट. पंप कितीही सुधारला तरी याच्या खाली जाता येणार नाही.

आता तेच पाणी खाली सोडा. मिळून मिळून ०.२७ युनिटच मिळतील, एक कणही जास्त नाही. प्रत्यक्षात पंपाची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर चढवायला ०.३९ युनिट लागतील आणि चक्र-जनित्राची ८० टक्के धरली तर उतरताना ०.२२ युनिट मिळतील. शंभर रुपये घालून छप्पन्न परत. आणि हे सगळे पाणी परत खाली सोडल्यावर. बागेला थेंबही उरला नाही. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या घाटघरला २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प आहे. तिथे हेच करतात. विजेला मागणी कमी असते तेव्हा पाणी वर चढवतात आणि मागणी वाढली की खाली सोडून वीज करतात. तो प्रकल्प वीज साठवतो. घेतली त्यापेक्षा जास्त वीज तो कधीच देत नाही.

माहितीपत्रकातला पंप चालला, तर काय काय खोटे ठरेल? घाटघरचा हिशेब, कोयनेचा हिशेब, स्टेविनची माळ, घरातला विजेचा मीटर, आणि आजवर थांबलेले प्रत्येक चाक. म्हणूनच ते ‘अजून जमले नाही’ या सदरात बसत नाही.

येथे एक प्रामाणिक कबुली द्यायला हवी. निसर्गनियमाने आलेली अशक्यता गणितासारखी सिद्ध झालेली नसते. ती अनुभवातून आलेली असते आणि तिलाही परीक्षा द्याव्या लागतात. १९३० च्या सुमारास बीटा किरणोत्सर्गात थोडी ऊर्जा हरवते असे दिसत होते. नील्स बोरसारखा शास्त्रज्ञ ऊर्जा अक्षय्यतेचा नियम अणुकेंद्रापुरता सोडायला तयार झाला. पाउली म्हणाला, न दिसणारा एखादा कण ती ऊर्जा घेऊन जात असेल. तो कण, न्यूट्रिनो, १९५६ मध्ये राइनस आणि कोवन यांना सापडला. नियम टिकला. वैज्ञानिकांनी त्याच्यावर शंका घेतली होती, तपासले होते, आणि मगच विश्वास ठेवला होता. चार पानांच्या माहितीपत्रकाने तो मोडायचा असेल तर आधी मीटर लावून पंप चालवून दाखवावा लागेल. इसार त्यानंतर.

नियम नव्हे, मनाई

शेवटी यादीतल्या शेवटच्या ओळीकडे. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर कमला भागवत यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला. संचालक सर सी. व्ही. रामन यांनी तो नाकारला, कारण त्या स्त्री होत्या. त्या हटून बसल्या, अटींवर प्रवेश मिळवला, कामाने त्या अटी निरर्थक ठरवल्या आणि १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. त्याच पुढे कमला सोहोनी म्हणून ओळखल्या गेल्या. येथे कोणता निसर्गनियम आड येत होता? कोणताच नाही. ‘अशक्य’ या शब्दाखाली ‘आम्ही परवानगी देत नाही’ एवढेच लपलेले होते. ‘नववी ब ला बीजगणित जमणं अशक्य’ हे वाक्यही आमच्या मते याच जातीचे आहे. ते शक्य झाले, तर आपल्या मतापलीकडे काहीही खोटे ठरणार नाही.

शिबिराच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तीच यादी पुन्हा फळ्यावर लिहिली आणि चार रकाने आखले: नियम ठरवल्यामुळे अशक्य, निसर्गामुळे अशक्य, अजून रीत सापडली नाही म्हणून अशक्य, आणि परवानगी नाही म्हणून अशक्य. प्रत्येक ओळ कुठे टाकायची यावर दीड तास वाद झाला. मेलेल्या माणसाची ओळ तर शेवटपर्यंत कुठेच बसेना, कारण ‘मेला’ म्हणजे काय हेच आधी ठरवावे लागत होते. नववी ब ची ओळ मात्र ज्या बाईंनी लिहिली होती, त्यांनी स्वतः उठून चौथ्या रकान्यात नेली. तुमच्या वर्गात हा खेळ जरूर घ्या. सायकलच्या सुट्या चाकाला आठ लहान बाटल्या अर्ध्या पाण्याने भरून बांधा आणि भास्कराचार्यांचे चाकही फिरवून पाहा. ते किती वेळात थांबते याची पैज मुलांना लावू द्या.

आणि ते शिक्षक? दुपारी ते पुन्हा भेटले. भावाने पंपवाल्याला फोन करून सांगितले होते, “आधी आमच्या बोअरवर आठ दिवस चालवून दाखवा, मधे मीटर लावू, मग पैसे.”

“काय म्हणाला तो?” आम्ही विचारले.

“बघू म्हणाला, सर. अजून आला नाही.”